रीडिंग सेमिनार : टॉक वाटून घ्यायचे की चिठ्ठी काढायची?

नवं सत्र आलं की कोणी ना कोणी ज्युनिअर हमखास विचारतो, "दादा, आम्ही आठ-नऊ जण मिळून जॉमेट्रीचा रीडिंग सेमिनार सुरू करतोय, कसा चालवू?" म्हणजे एकच विषय मिळून वाचायचा आणि एकमेकांना फळ्यावर समजावायचा. विषय ठरलेला असतो, खोली मिळालेली असते, चहाचे पैसे कोण भरणार हेही ठरलेलं असतं. घोडं अडतं एकाच ठिकाणी. सत्राच्या सुरुवातीलाच टॉक वाटून टाकायचे, की सगळ्यांनी सगळं वाचून यायचं आणि फळ्यावर कोण जाणार ते आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवायचं? मी दोन्ही करून बसलोय, एकाच विषयावर आणि जवळजवळ त्याच मंडळींबरोबर. त्यामुळे निदान विषय सोपा होता की माणसं बरी होती, असा वाद माझ्यापुरता उरत नाही.

विषय होता नरसिंहन-शेषाद्री प्रमेय. आपल्याच मुंबईत, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) काम करणाऱ्या दोघांचं, १९६५ सालचं. एका बाजूला स्टेबल बंडल, दुसऱ्या बाजूला युनिटरी रिप्रेझेंटेशन्स, आणि इकडून तिकडे दोन्ही दिशांनी जाता येतं, असं ते सांगतं. बंडल म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूला जोडलेली एकेक व्हेक्टर स्पेस. मिश्र गटाला यापेक्षा चांगला विषय मला तरी अजून सुचलेला नाही. स्टेबल बंडल म्हटलं की अल्जिब्रावाले खूष, फंडामेंटल ग्रुपची युनिटरी रिप्रेझेंटेशन्स म्हटली की टोपॉलॉजीवाले खूष, आणि १९८३ मध्ये डोनाल्डसनने कनेक्शन (बंडलवर डेरिव्हेटिव्ह घ्यायची रीत) वापरून जी नवी सिद्धता दिली तिच्यात ॲनालिसिसवाल्यांचं पोट भरतं. एकट्याला सगळं येतंय असा गटात कोणीच नसतो, म्हणून तर एकत्र बसायचं.

पहिल्या वर्षी आम्ही टॉक वाटले. बारा आठवडे, बारा टॉक, भिंतीवर तक्ता. या पद्धतीचे फायदे खरे आहेत, ते नाकारणार नाही. आपला आठवडा कोणता ते दोन महिने आधी कळतं, त्यामुळे ट्युटोरियल, पेपर तपासणं, गाईडची मीटिंग हे सगळं त्याभोवती बसवता येतं. तासभर सलग बोलण्याची सवय होते, आणि ती पुढे पोस्टडॉकच्या मुलाखतीत कामाला येते. दुसऱ्या संस्थेतून कोणी एखाद्याच दिवशी आलं तरी त्याच्या हाती काहीतरी लागतं. शिवाय विषय संपतो. आमचा बारा आठवड्यांत संपला. म्हणजे तक्त्यावर तरी संपला.

ही पद्धत म्हणजे अंगतपंगत. प्रत्येकाने आपापला डबा आणायचा. चवी वेगवेगळ्या, मजा येते. पण मिठाचं प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं असतं, आणि माझं बिनसलं ते तिथेच.

पाचवा टॉक कॉम्प्लेक्स जॉमेट्रीवाल्या मित्राचा होता. त्याने बंडल घेतलं, आत सबबंडल घेतलं, आणि सेकंड फंडामेंटल फॉर्मला, म्हणजे सबबंडल मोठ्या बंडलच्या आत किती वाकतं ते मोजणाऱ्या गोष्टीला, बीटा म्हणाला. त्याचा बीटा सबबंडलकडून क्वोशंटकडे (मोठ्या बंडलला सबबंडलने भागून उरतं त्याकडे) जायचा. सहावा टॉक ॲनालिसिसवाल्याचा. त्याने वेगळ्या ठिकाणी वाचलं होतं. तिथेही अक्षर बीटाच, पण तो क्वोशंटकडून सबबंडलकडे येणारा. दोघांनीही आपापल्या जागी काहीच चूक केली नव्हती. पण सहाव्याने सुरुवातीला "गेल्या वेळी पाहिलंच आहे" म्हणून पाचव्याचं सूत्र फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं आणि त्यात आपला बीटा घातला. आता हे वन-फॉर्म, त्यांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व. बीटा आणि बीटा-स्टार (त्याचं ॲडजॉइंट) यांचा क्रम उलटला की ट्रेसचं चिन्ह उलटतं. म्हणजे कर्व्हेचरमध्ये, ज्यावरून बंडलची डिग्री काढतात, जिथे वजा हवं तिथे अधिक आलं.

कोणी म्हणेल, चिन्हाचं एवढं काय, सगळ्यांचंच चुकतं. चुकतं, मान्य. पण या प्रमेयात सगळी गंमत त्या एका चिन्हातच आहे. फ्लॅट युनिटरी बंडलच्या (युनिटरी रिप्रेझेंटेशनमधून येणाऱ्या) होलोमॉर्फिक सबबंडलची डिग्री, म्हणजे ते किती पिळलेलं आहे ते सांगणारा पूर्णांक, शून्य किंवा त्याहून कमी असते, आणि स्टेबल असण्याकडे जाणारी वाट तिथूनच निघते. आमच्या फळ्यावर ती "शून्य किंवा जास्त" झाली. आणि पुढचे दोन आठवडे नऊ सुशिक्षित माणसं हे वह्यांत उतरवून घेत मान डोलवत होती, मीही त्यातलाच. प्रत्येकाला वाटत होतं, चिन्हाचा काहीतरी वेगळा संकेत असेल, ज्याचा टॉक त्याला माहीत.

पकडलं ते गटातल्या सगळ्यांत ज्युनिअर मुलीने, चहाच्या टेबलावर. प्रोजेक्टिव्ह लाइनवर रँक दोनचं ट्रिव्हियल बंडल घ्या, तिने विचारलं, त्याच्या आत टॉटोलॉजिकल लाइन बंडल बसतं, त्याची डिग्री वजा एक, मग आपलं विधान खरं कसं? चहा निवला. सातवा आणि आठवा टॉक पुन्हा घ्यावा लागला असता, पण तक्ता पुढे सरकलेला होता. नववावाला तयारी करून आला होता, त्याला कोण थांबवणार? "चिन्ह आपापलं दुरुस्त करून घ्या" एवढं म्हणून आम्ही पुढे गेलो. मला आजही वाटतं की आमचा सेमिनार त्या दिवशी संपला.

दुसऱ्या वर्षी मी हट्टाने चिठ्ठी आणली. नियम साधे. दर आठवड्याला ठरावीक सात-आठ पानं सगळ्यांनी वाचायची. खोलीत आल्यावर डब्यातून चिठ्ठी काढायची. नाव निघेल त्याने वीस मिनिटं फळ्यावर. मग दुसरी चिठ्ठी. दुसऱ्याने पहिल्याच्या ओळीपासून पुढे जायचं, आणि फळा पुसायचा नाही.

भिशीशी याचं साम्य आहे, पण एक फरक महत्त्वाचा. भिशीत एकदा नाव लागलं की ती चिठ्ठी परत डब्यात जात नाही. आम्ही टाकायचो. पहिल्या दोन आठवड्यांत टाकली नव्हती, तर ज्यांचं होऊन गेलं ते तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या डोक्याने आले. परत टाकायला लागल्यावर एकाचं नाव लागोपाठ तीनदा निघालं. बिचारा! पण तोच पुढे सगळ्यांत नीट वाचून यायला लागला.

खरी कमाल "पुसायचा नाही" या नियमाची आहे. दुसऱ्याच्या अर्ध्या ओळीवरून पुढे जायचं म्हटलं की त्याचा बीटा कुठून कुठे जातो हे विचारावंच लागतं. तिसऱ्या आठवड्यात कोणी न सांगता एक पान तयार झालं: डिग्रीच्या सूत्रात कोणतं चिन्ह, लाप्लासियन धन की ऋण, बीटा कोणाकडून कोणाकडे. ते पान फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवलेलं असायचं. पहिल्या वर्षी असं पान करा म्हणून मीच दोनदा मेल टाकली होती. कोणी केलं नाही, मीही नाही.

आता बाजू उलटी. चिठ्ठीचा सेमिनार रखडतो. आम्ही चौदा आठवड्यांत सोपी दिशा पूर्ण केली आणि अवघड दिशेत उलेनबेकच्या कॉम्पॅक्टनेसपर्यंत (कनेक्शनच्या क्रमिकेतून लिमिट मिळवून देणाऱ्या प्रमेयापर्यंत) पोचलो, पुढचं उन्हाळ्यात दोघा-तिघांनी बसून संपवलं. बाहेरच्या पाहुण्याला काहीच कळत नाही. आणि भीती. मॉस्कोत गणितज्ञ गेलफांड आपल्या सेमिनारमध्ये वक्त्याला मध्येच थांबवून श्रोत्यांपैकी कोणालातरी "आता हे समजावून सांग" म्हणायचा, असं सांगतात. ऐकायला भारी वाटतं, पण ते त्या फळ्यासमोर उभं राहून कसं वाटत असेल ते वेगळं. आमच्याकडे एक जण दोन आठवडे आलाच नाही, नंतर कळलं की पानं वाचून झाली नव्हती म्हणून. मग "पास" म्हणायची मुभा दिली, सत्रात दोनदा, कारण न विचारता. ती तुम्ही पहिल्या दिवसापासून द्या. गटात प्रोफेसर बसणार असतील तर माझ्या मते चिठ्ठी काढूच नका, तिची परीक्षा होते.

मधली वाट नाही का? आहे. जर्मनीतल्या ओबरवोल्फाखच्या गणित संस्थेत आर्बाइट्सगेमाइनशाफ्ट नावाचा आठवडा होतो, त्यात विषयातले तज्ज्ञ नसलेलेच लोक वाटून दिलेले टॉक देतात, आणि ते चालतं. पण तिथे प्रत्येक टॉकमध्ये काय यायला हवं हे आयोजकांनी आधी लिहून दिलेलं असतं, आणि आठवडाभर सगळे एका छपराखाली असतात. जेवताना कोण कुठे बसणार, हे मात्र तिथेही नावांचे नॅपकिन इकडेतिकडे हलवून रोज बदलतात. आपल्याकडे गुरुवारी चार ते साडेपाच एवढंच हातात असतं, मग लोकल किंवा बस पकडायची असते. तेवढ्या वेळात नऊ डब्यांचं मीठ सारखं कोण करणार?

म्हणून विचारणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की तुम्हाला बोलायची सवय हवी आहे की विषय हवा आहे. पीएचडीच्या पाचव्या वर्षाला असाल, मुलाखती तोंडावर असतील, तर टॉक वाटा, फक्त संकेतांचं पान पहिल्या टॉकच्या आधी करा आणि ते मोडणाऱ्याकडून समोसे घ्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर मी तुमच्या जागी असतो तर चिठ्ठ्यांचा डबा आणला असता. आमचा अजून माझ्या टेबलावर आहे, श्रीखंडाचा, अर्ध्या किलोचा. हवा असेल तर येऊन घेऊन जा, चिठ्ठ्या मात्र नव्या कराव्या लागतील.