ट्रेडमार्क की पेटंट? माझं ठरलं ते एका सहीवरून

सायन्स किंवा इंजिनीअरिंग करून एलएलबीला आलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला: सर, ट्रेडमार्कला जाऊ की पेटंटला? म्हणजे मालाची नावं-लेबलं जपायची की नवे शोध? फर्मच्या पाटीवर दोन्ही शब्द शेजारी असतात, म्हणून कामंही सख्खी भावंडं असतील असं वाटतं. फार तर चुलत म्हणता येतील. मी केमिस्ट्रीचा बीएस्सी, मग एलएलबी. आधी तीन वर्षं पेटंट केलं, नंतर आजपर्यंत ट्रेडमार्क. तेव्हा पुढचं सगळं एका माणसाच्या अनुभवाएवढंच धरा.

पेटंटचे दिवस नवी मुंबईतले. सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची आणि दिवसभर संशोधकाच्या कागदांत डोकं घालून बसायचं. आधी असं काही जगात कुठे झालंय का ते शोधायचं, मग क्लेम लिहायचे, म्हणजे शोधातलं नेमकं काय हक्काचं ते सांगणारी वाक्यं. 'कम्प्राइझिंग' घालायचं की 'कन्सिस्टिंग ऑफ', यात अख्खी दुपार जायची, कारण पहिल्या शब्दाने यादीबाहेरच्या घटकांना दार उघडं राहतं आणि दुसऱ्याने बंद होतं. औषधाची फाइल असली की पेटंट कायद्याचं कलम ३(ड) समोर उभंच. जुन्या रेणूचं नुसतं नवं रूप चालत नाही, गुण वाढलेला दाखवावा लागतो. ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधावरचा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आम्हाला जवळजवळ पाठ होता. खोटं कशाला बोलू, या कामात मजा होती. इतकं बारीक वाचायला मला ट्रेडमार्कने कधीच लावलं नाही.

पण सही.

पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने पेटंटचा अर्ज आपल्या सहीने करणारा, म्हणून नोंद व्हायची तर विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि परीक्षा पास व्हावी लागते. दोन लेखी पेपर, प्रत्येकात किमान पन्नास टक्के, वर तोंडी परीक्षा, आणि सगळं मिळून साठ टक्के. नुसता वकील सुनावणीला उभा राहू शकतो, पण एजंट म्हणून अर्जाखाली त्याचं नाव येत नाही. मी दुसऱ्या पेपरात अडकलो. गंमत म्हणजे तो मसुदा लिहिण्याचाच पेपर, आणि मी रोज तेच करत होतो! पुढची परीक्षा लगेच असेल या भरवशावरही राहता येत नाही. २०१८ नंतरची थेट २०२२ मध्ये झाली. मधे कोविड होता.

तोवर काय, तर मसुदा माझा आणि सही दुसऱ्याची. एका वाळवणाच्या प्रक्रियेवर मी चार महिने घालवले होते. कारखान्यात जाऊन यंत्राशेजारी घाम गाळला, आकृत्या तीनदा बदलून घेतल्या. अर्ज गेला साहेबांच्या नावाने, आणि दिवाळीला क्लायंटचा मिठाईचा डबाही त्यांच्याच टेबलावर आला. साहेबांचं काही चुकलं नव्हतं, नियमच तसा आहे. बरं, अर्ज प्रसिद्ध व्हायला साधारण अठरा महिने, म्हणजे तोपर्यंत घरी सांगायचीही सोय नाही. कुणी म्हणेल एवढ्यावरून कोणी लाइन बदलतं का? मी बदलली.

ट्रेडमार्कमध्ये वकिलीची सनद हातात आली की तुम्ही स्वतःच्या नावाने उभे. माझा पहिला अर्ज कळव्यातल्या एका मसालेवाल्या काकूंचा, क्लास ३०, म्हणजे मसाले वगैरे मालाचा वर्ग. सरकारी फी लघुउद्योग म्हणून ४,५०० रुपये. मोठ्या कंपनीला ९,००० पडते. अर्ज प्रसिद्ध करणारं सरकारी ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं. त्यात काकूंचं लेबल आलं आणि खाली एजंट म्हणून माझं नाव आणि पत्ता. ते पान बाबांनी प्रिंट काढून आणायला लावलं.

डोकेदुखी इथेही आहे. लोक आधी बोर्ड रंगवतात, पाच हजार पाउच छापतात आणि मग विचारायला येतात. मसाल्यासाठी 'गावरान' हा नुसता शब्द कसा मिळेल? मालाचा गुण सांगणारा शब्द एकट्याच्या नावावर सहसा होत नाही. "अहो, पण सगळेच वापरतात की!" अहो, म्हणूनच. त्यात दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांनाही दुकानावर आडनाव हवं असलं, तर तुम्ही निम्मे वकील आणि निम्मे घरातले वडीलधारे. तारखाही आखूड असतात. ट्रेडमार्क कार्यालयाच्या तपासणी अहवालाला उत्तर तीस दिवसांत द्यायचं. पेटंटमध्ये सहा महिने मिळतात. कोणी हरकत घेतली तर दोन महिन्यांत प्रतिउत्तर, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. विसराळू माणसाने या वाटेला जाऊ नये.

तरी हे काम मला माणसांच्या जास्त जवळचं वाटतं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन नावांचा जुना खटला घ्या. सुप्रीम कोर्टाने विचार केला तो साध्या गिऱ्हाइकाचा, ज्याला नाव पुसटसंच आठवतं. हे समजून घ्यायला मला प्रयोगशाळा लागत नाही. जांभळी नाक्यावर एखाद्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं.

ठाण्यात राहून वकिली करायची असेल तर आणखी एक गोष्ट. ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयात लागतो आणि ज्याची नोंदणी आहे तो स्वतःच्या व्यवसायाच्या गावी दावा लावू शकतो. म्हणजे वागळे इस्टेटमधल्या क्लायंटसाठी ठाणे कोर्ट. पेटंटचा दावाही जिल्हा न्यायालयात सुरू होऊ शकतो. पण समोरच्याने 'हे पेटंटच रद्द करा' असा प्रतिदावा केला की प्रकरण हायकोर्टात जातं, आणि तो बहुतेक वेळा करतोच. मग मुंबईची फास्ट लोकल आहेच.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला पेटंटवाला पुढे असतो, निदान माझ्या ओळखीतले तरी. एकेका फाइलला मिळतात जास्त, आणि महापे-रबाळे पट्ट्यात औषध आणि रसायनवाल्यांची वानवा नाही. ट्रेडमार्कमध्ये फाइल छोटी, पण दहा वर्षांनी नूतनीकरणाला तोच माणूस परत येतो. पेटंट वीस वर्षांत संपतं.

तुम्ही एमफार्म किंवा एमटेक असाल, एकटं बसून वाचायला आवडत असेल आणि परीक्षेचा धीर असेल, तर माझं ऐकू नका, पेटंट घ्या. फक्त नोकरी धरण्याआधी परीक्षा काढा, नंतर नको. साधा बीएस्सी असाल आणि माणसांशी बोलायला आवडत असेल, तर मी कुठे बोट दाखवीन ते एव्हाना कळलंच असेल.

अधूनमधून माझ्याकडे एखादं पेटंटचं काम येतं. ते मी वाशीच्या मित्राकडे पाठवतो, तो त्याच्याकडची लेबलं माझ्याकडे पाठवतो. अर्जावर सही त्याचीच असते. आता निदान मसुदाही त्याचाच असतो.