बॉक्सवर १०७ कोटी रंग, आत ८ बिटचं पॅनल

दोन महिने झाले हा २७ इंची फोरके मॉनिटर वापरतोय, म्हटलं आता लिहूनच टाकू. घेतला तो बॉक्सवरचा १०७ कोटी रंगांचा आकडा बघून. १० बिट म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकाच्या १०२४ छटा, तिन्हींचा गुणाकार केला की तेवढे येतात. साध्या ८ बिटला २५६ छटा, रंग १ कोटी ६७ लाख.

पहिल्या दिवशी फोटो एडिटरमध्ये १६ बिटची फाईल उघडून काळ्यापासून गडद राखाडीपर्यंत ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू उजळत जाणारा रंग, लावला आणि डोक्याला हात लावला. नुसते पट्टे! ३८४० पिक्सेल रुंदीत त्या अंधाऱ्या भागाला ८ बिटमध्ये २५६ पैकी ६४च पायऱ्या मिळतात, म्हणजे एकेक पट्टा ६० पिक्सेलचा, दिसणारच ना. शिव्या घालून झाल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलो तर बिट डेप्थ ८! बॉक्समधलीच एचडीएमआय केबल लावलेली, आणि याचा पोर्ट एचडीएमआय २.०, त्यातून फोरके ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० फ्रेम) पूर्ण आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा काटछाट न करता, १० बिट मावतच नाही. डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी आणली, ग्राफिक्स कार्डात १० बिट निवडलं, एडिटरमध्येही ते चालू केलं, मग कुठे पट्टे गेले.

पण खरी गंमत पुढेच. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ८ बिट प्लस एफआरसी. म्हणजे पॅनलला मधली छटा दाखवताच येत नाही, मग ते चारातल्या तीन फ्रेमला १०० नंबरची छटा दाखवतं, एकीला १०१ ची, आणि डोळ्याला वाटतं १०० आणि पाव. अगदी नाक लावून बघितलं तर गडद भागात किंचित वळवळ जाणवते, हातभर अंतरावरून मला तरी काही कळत नाही. जुगाड आहे, पण चालतो. राग आहे तो लपवल्याचा.

आणि रंग जास्त भडक दिसतील म्हणून १० बिटच्या मागे लागू नका, जिना तेवढाच उंच राहतो, फक्त पायऱ्या बारीक होतात. फोटो जेपेगमध्ये असेल तर तो मुळात ८ बिटचाच, त्यात आकाशाला आधीच पट्टे पडले असतील तर मॉनिटर बिचारा काय करणार.

परत करणार नाहीये, एडिटिंगला मस्त आहे. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला एफआरसीचा, एक त्या केबलचा.