मावशी की पाळणाघर? नागपुरातल्या नोकरदार आई-बाबांसाठी

बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपत आली की घरात दुसरा विषयच उरत नाही. बाळ दिवसभर कोणाकडे? आजी-आजोबा शहरातच असतील, त्यांची तब्येत साथ देत असेल आणि त्यांची मनापासून तयारी असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आमच्याकडे एक आजी-आजोबा यवतमाळला, दुसरे अकोल्याला. येतात, पंधरा दिवस राहतात, नातीचे लाड करतात आणि जातात. बायकोचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला, माझं मिहानला आणि घर त्रिमूर्तीनगरला. म्हणजे सकाळी दोघं दोन दिशांना.

2017 च्या कायदादुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची केली, तशीच 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायलाही सांगितली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही त्यात आहे. तुमच्या ऑफिसात अशी खरोखर चालणारी सोय असेल तर सगळ्यात आधी ती बघून या. आम्हा दोघांना ती नव्हती. लेक दीड वर्षाची होईपर्यंत घरी सांभाळायला मावशी होत्या, त्यानंतर ती पाळणाघरात जाते आहे. आता तीन वर्षांची झाली. दोन्ही गोष्टी जवळून बघितल्या, म्हणून लिहावंसं वाटलं. पगार किती, फी किती, कॅमेरे आहेत का, पोलीस पडताळणी झाली का, हे सगळं तुम्ही विचारालच. त्यात मी जात नाही.

आधी मावशींबद्दल, कारण त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही फार माया आहे. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला घरासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. सकाळी झोपेतून उठवून कपडे चढवायची घाई नाही. मालिश, शेकशेगडी, कोवळ्या उन्हात थोडा वेळ, मग आंघोळ आणि पुन्हा झोप, हा क्रम बाळाच्या कलाने चालतो. मऊ भात नुकताच सुरू केलेला असतो, काय पचतंय आणि कशाने पोट बिघडतंय ते हळूहळू कळत असतं. तेव्हा एका बाळामागे एक माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या मावशी भात चमच्याने न घोटता बोटांनी कुस्करायच्या, वर तुपाची धार, आणि एक-एक शित जिभेवर ठेवायच्या. एका वाटीला पाऊण तास लागायचा. तेवढा धीर आम्हा दोघांत नव्हता आणि कुठल्याच पाळणाघरात तो शक्य नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात, त्यातही नवतपा लागला की, बाळाला घराबाहेर काढावं लागत नाही यातच अर्धी काळजी मिटते. कूलरच्या ताट्या ओल्या आहेत, खिडक्यांना पडदे आहेत, बाळ स्वतःच्या गादीवर आहे. ऑफिसात बसून 45 अंशांचा आकडा बघताना हा विचार फार दिलासा देतो.

सुट्ट्यांचा त्रास सगळेच सांगतात, त्यामुळे थोडक्यात. लग्नसराई, महालक्ष्म्या, गावाकडचं आजारपण या काळात सकाळी साडेसातला फोन वाजला की पोटात गोळा यायचा. त्या दिवशी दोघांपैकी कोणीतरी रजा टाकायची. पण मावशींनाही घर आहे, सणवार आहेत, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यासाठी आम्ही काही बदललं नसतं.

बदल झाला तो संध्याकाळच्या झोपेमुळे.

लेक वर्षाची झाली, दिवसाच्या दोन झोपांची एकच झोप झाली. ती एकची झोप सरकत सरकत दुपारी चारला जाऊन बसली. मावशींचा दिवस बघितला तर त्यात नवल नाही. सकाळपासून त्या एकट्या. भरवणं, खेळवणं, दुपटी, तिच्या मागे घरभर फिरणं. दुपारी जेवून जरा टेकावं तर ही जागी. शेवटी चारला ती झोपायची, मावशी पाय पसरून बसायच्या. अंधारलेली खोली, कूलरचा गार वारा, मग मूल काय दोन तास उठतं? साडेसहाला आम्ही घरी यायचो तेव्हा दारातच मावशींचं बोट ओठांवर. चपला हातात घेऊन आत जायचो. कधी ती सातला उठायची, कधी साडेसातला, आणि उठली की अर्धा तास किरकिर.

मग रात्री नऊला तिचा दिवस उजाडायचा. साडेदहाला ठोकळे, अकराला गॅलरीत गाड्या बघायच्या, बाराला पुन्हा भूक. आम्ही दोघं सकाळी सहाचे उठलेले. एकजण तिला घेऊन येरझारा घालतोय, दुसरा उद्याचा डबा लावतोय. ती खुशीत असायची, हसायची, मांडीवर चढायची, आणि नेमकं तेव्हा आमच्या डोळ्यांवर झापड असायची. मला बोचायचं ते हेच. जागरण निभावतं हो, तान्ह्या बाळाच्या घरात ते असतंच. पण नोकरदार माणसाला लेकराबरोबर दिवसाचे मिळतात ते संध्याकाळचे दोन-तीन तास. ते झोपेत जात होते आणि त्या बदल्यात आम्हाला मध्यरात्र मिळत होती.

मावशींना सांगून बघितलं. तीनला उठवा, साडेतीनला उठवा. त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘झोपल्या लेकराले उठवत नाहीत जी.’ यात आळस नव्हता, ती त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या पोरांना त्यांनी असंच वाढवलं होतं. दोन दिवस उठवायच्या, लेक रडायची, तिसऱ्या दिवशी मावशींचं मन धजायचं नाही. आणि दहा तास एकट्याने मूल सांभाळणाऱ्या बाईकडून तिचा विसाव्याचा तास काढून घ्यायचा, हे आम्हालाही बरं वाटत नव्हतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तास आमच्याकडेही तेवढेच भरत होते. घोळ होता तो वेळेचा.

पाळणाघर बघायला गेलो तेव्हा ते चालवणाऱ्या काकूंना मी खेळणी, स्वच्छता सोडून पहिला प्रश्न झोपेचाच विचारला. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. बाराला जेवण, एकला दिवे बंद, तीनला पडदे उघडायचे, साडेतीनला दूध, चारनंतर अंगणात. दहा-बारा मुलं असली की वेळापत्रक पाळावंच लागतं, नाहीतर एक झोपतं आणि दुसरं त्याला उठवतं. जे आमच्या घरी सांगून, विनवून होत नव्हतं ते तिथे मुलांच्या संख्येमुळेच आपोआप होत होतं. आमची लेक पहिले काही दिवस तीनला उठताना रडली. मग बाकीची उठून बसलेली बघून तीही उठायला लागली.

आता संध्याकाळी मी तिला घ्यायला जातो तेव्हा ती जागी असते, घामेजलेली असते, पायाला माती असते आणि सांगायला खूप काही असतं. साडेसहा ते नऊ हा वेळ आमचा. कधी ट्रॅफिक पार्कला चक्कर, कधी नुसतं घरात पोळ्या लाटताना कणकेचा गोळा तिच्या हातात. नऊ-सव्वानऊला ती झोपते. आमच्या घरात या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला असेल असं वाटत नाही. तुमच्या बाळाची गोष्ट वेगळी असू शकते, काही मुलं कुठेही, कधीही शहाण्यासारखी झोपतात.

पाळणाघराची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पहिला पावसाळा फार जड जातो. सर्दी, खोकला, ताप, मग हात-पाय-तोंडाचे फोड. एकाला झालं की ओळीने सगळ्यांना. ताप असला की पाळणाघर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे, पण मग रजा तुमचीच जाते. मावशींच्या सुट्ट्यांपेक्षा त्या पहिल्या वर्षी आमच्या रजा जास्त गेल्या, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या वर्षी प्रमाण बरंच कमी झालं.

सकाळचं रडणंही आहे. काकूंच्या कडेवरून ती हात पसरून रडते आणि तुम्ही गाडी सुरू करून निघता. ते महिनाभर तरी चालतं, आणि त्याची सवय होत नाही. मिहानपर्यंतचा वर्धा रोड मी त्या दिवसांत कसा पार करायचो ते मलाच माहीत.

आणखी एक गोष्ट कायमची हातून जाते. तिने पहिल्यांदा अख्खं वाक्य कुठलं म्हटलं ते काकूंना माहीत आहे, आम्हाला नाही. चप्पल स्वतः पायात घालायला शिकली तीही तिथेच. मावशी असताना अशा गोष्टी निदान आपल्या घरात घडायच्या, संध्याकाळी त्या करून दाखवायच्या. पाळणाघरात त्या डब्याबरोबर घरी येतात, तेही काकूंच्या लक्षात राहिल्या तर. आईला हे जास्त लागतं की बापाला, मला ठरवता आलेलं नाही.

पण मिळतंही खूप. घरी दोडक्याची भाजी बघून तोंड फिरवणारी लेक तिथे शेजारचा खातोय म्हणून खाते. तान्हा पोळ्याच्या आधी त्यांच्याकडे लाकडी बैल सजवायचा कार्यक्रम असतो. तिने बैलाच्या शिंगांना चमकी इतकी लावली होती की शिंगं दिसत नव्हती, आणि पाठीवरची झूल म्हणजे माझ्या जुन्या शर्टाचा चौकोन, चारही कडांना गोंदाचे वाळलेले थेंब. दुसऱ्या दिवशी तोच बैल दोरीने ओढत ती सोसायटीत दारोदार फिरली, बोजारा, म्हणजे बैलाचा खाऊ-पैसा, गोळा केला, आणि प्रत्येक दारात बैलाचं तोंड घराकडे वळवून ठेवत होती. हे तिला कोणी शिकवलं विचारलं तर पाळणाघरातल्या तिच्याहून मोठ्या मुलीचं नाव सांगितलं. घरात एकटं वाढणाऱ्या मुलाला हे मिळत नाही.

मोबाइलचं दोन ओळीत सांगतो. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. घरी मावशी एकट्या असल्या की तुम्ही नियम करू शकता, पण भरवताना काय होतं ते कळत नाही. पाळणाघरात टीव्ही दिसला तर तिथूनच परत फिरा.

नागपूरपुरत्या तीन गोष्टी. पाळणाघर घराजवळचं घ्या, ऑफिसजवळचं नको. मे महिन्यात संध्याकाळी सहालाही रस्ता तापलेला असतो, बाळाला ओढणीत गुंडाळून स्कूटरवर दहा मिनिटं नेणं वेगळं आणि अर्धा तास नेणं वेगळं. मुलांची झोपायची खोली स्लॅबखाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर दुपारी स्वतः आत उभे राहून बघा. आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होतात, मोर्चे निघतात, बायकोला घरी पोचायला तासभर उशीर होतो. सातनंतर मूल ठेवायची सोय आहे का, हे जूनमध्येच विचारून ठेवा. मावशींनाही शेवटची बस गाठायची असते, त्यामुळे ही अडचण दोन्हीकडे आहे.

माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल. मूल चालायला लागेपर्यंत, परवडत असेल आणि भरवशाची बाई मिळत असेल तर घरीच ठेवावं असं मी म्हणेन. वर्ष-सव्वा वर्षानंतर पाळणाघर. बघायला मात्र सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीच पाळणाघरं छान दिसतात. दुपारी तीनला जा. मुलं उठताहेत का, उठल्यावर रडणाऱ्याला कोण उचलतं, आणि चारला ती अंगणात असतात की पुन्हा खोलीतच, एवढं बघितलं तरी पुरे. त्या वेळी येऊ देत नसतील तर दुसरं शोधा.

आणि मावशींचा नंबर जपून ठेवा. आमच्या मावशी आता दुसरीकडे सकाळचं काम करतात. लेक आजारी पडली की आदल्या रात्री आम्ही फोन करतो, जमलं तर त्या दुपारी येतात. त्या दिवसाचे पैसे आम्ही नेहमीच्या दरापेक्षा जास्त देतो, आणि त्या दिवशी लेक कितीही वाजेपर्यंत झोपली तरी काही म्हणत नाही.