शेवाळतेलाच्या कॅप्सूल, सात महिन्यांनंतर: चारातला एक तारा पावसाने खाल्ला

मार्चच्या परीक्षणात या कॅप्सूलना मी दिलेल्या चार ताऱ्यांचे आता तीन केले आहेत. तक्रार तेलाची नाही, कवचाची आहे. जुलैत कोल्हापुरात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि साठ कॅप्सूलची बाटली तिसऱ्या आठवड्यात एकच लगदा होऊन बसली. स्टार्चचं शाकाहारी कवच ओल धरतं, मऊ पडतं, एकमेकांना चिकटतं. चमच्याने सोडवायला जावं तर फुटतं आणि तेल बाकीच्यांवर सांडतं. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: सील फोडलंय, परत घेणार नाही.

नुसत्या चिकटण्याचं काही वाटलं नसतं. पण या तेलातल्या डीएचएच्या (ज्यासाठी या कॅप्सूल घ्यायच्या ते ओमेगा-३ मेदाम्ल) रेणूत सहा दुहेरी बंध, म्हणजे ऑक्सिजनला सहज सापडणाऱ्या जागा, असतात, त्यामुळे हवा लागली की ते झपाट्याने खवट होतं. संशय आला की एक कॅप्सूल कात्रीने कापून वास घ्यावा. किंचित समुद्री वास चालेल, जुन्या खोबऱ्याचा किंवा ऑइलपेंटचा आला तर बाटली कचऱ्यात. वरचा कापूस पहिल्याच दिवशी काढावा, सिलिकाची पुडी राहू द्यावी. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर कोरड्या हाताने एक काढून झाकण लगेच लावा. थंड बाटली ओट्यावर उघडी राहिली की आतून दव धरते, आणि मग फ्रिजच नडतो.

आता आकडे. समोर ठळक छापलेले ५०० मिग्रॅ हे तेलाचं वजन. मागच्या बारीक अक्षरांत डीएचए २०० मिग्रॅ. २०१८ च्या रिड्यूस-इट चाचणीत हृदयविकाराच्या घटना सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या, पण तिथे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) चालू असलेल्यांना रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए (डीएचएसारखंच दुसरं ओमेगा-३) दिलं होतं. ईपीए-डीएचए मिसळून तेवढाच डोस दिलेल्या स्ट्रेंग्थ चाचणीत (२०२०) फायदा दिसला नाही. ४ ग्रॅम भरायला या वीस कॅप्सूल लागतील, त्याही डीएचएच्या. मासे न खाणाऱ्याच्या आहारातली तूट भरायला रोज एक-दोन ठीक, भरल्या जेवणानंतर. उपाशीपोटी घेतल्या तर ढेकर येतात. हृदयाचं औषध म्हणून घेऊ नये.

मार्चमध्ये स्पिरुलिनाला ‘स्वस्त पर्याय’ म्हटलं होतं, ते मागे. त्यात डीएचए जवळजवळ नसतं, आणि त्यातलं बी-१२ बहुतांशी शरीराला वापरता न येणारं. लक्ष्मीपुरीतल्या जवसाची चटणी जरूर खा, पण त्यातल्या एएलएचं (वनस्पतींतलं ओमेगा-३) शरीरात डीएचए नगण्य होतं.

लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) कॅप्सूल सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशी. आदल्या रात्री तांबडा-पांढरा आणि दारू दोन्ही नको, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) फुगतात. डीएचएने काहींचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) चढतं, तेही बघा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल किंवा ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना विचारूनच. मोठ्या डोसला एट्रियल फिब्रिलेशनचा (ठोके बेताल होण्याचा एक विकार) धोका वाढलेला दिसला आहे.

हिशेब: ६० × २०० मिग्रॅ म्हणजे १२ ग्रॅम डीएचए. बाटली ९०० रुपयांची, म्हणजे ग्रॅमला ७५. फुटलेल्या अकरा वजा केल्या की ९२. जून ते सप्टेंबर तीसचीच बाटली घ्यायची, ग्रॅममागे चार रुपये जास्त पडले तरी.