माप त्याचंच, माल त्याचाच

सत्तावीस वर्षं टूलरूममध्ये मापं घेण्यात गेली. एल. बी. एस. रोडवरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. मायक्रोमीटर, पिन गेज, गो–नो गो गेज, सकाळी आठ ते साडेचार हाच संसार. आणि मला फसवलं कशाने, तर भोकं पाडलेल्या एका पितळी पट्टीने. बायकोला हे सांगायला मला चार दिवस लागले. इथे लिहितोय कारण तोच माणूस अजून फिरतोय, असं परवा दुसऱ्या एका पालकाकडून कळलं.

लेक अकरावीला आहे, तीन वर्षं दहा मीटर एअर रायफल मारते. ज्यांच्या घरात हे खूळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा पेलेट, पुढून सपाट, म्हणजे कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल स्वच्छ भोक पडतं. टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साठ शॉट, प्रत्येकाचे जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. लेक ६१८च्या आसपास असायची. गेल्या पावसाळ्यात घसरली, ६१०, ६०९. तिचे कोच, सर, म्हणाले, "ट्रिगर ओढताना श्वास तुटतोय, दोन महिने नुसतं होल्डिंग करू." म्हणजे शॉट न मारता रायफल स्थिर धरायचा सराव. आता श्वास काही दुकानात मिळत नाही. पेलेट मिळतो. बापाचं डोकं कुठे गेलं ते ओळखा.

पेलेट पाचशेच्या डब्यात येतात आणि डब्यावर पेलेटच्या डोक्याचं, म्हणजे पुढच्या सपाट टोकाचं, माप लिहिलेलं असतं. ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. म्हणजे एका मापातून दुसऱ्यात फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. आपल्या डोक्यावरचा केस याच्या पाचसहा पट जाड भरेल. एवढ्याशा फरकावरून रेंजबाहेर चहाच्या टपरीवर पालकांच्या ज्या चर्चा चालतात, त्या ऐकल्या की वाटतं यांच्यातलाच कोणी पुढच्या ऑलिंपिकला जाणार आहे. मीही त्यातलाच.

तिथेच तो भेटला. चाळिशीचा, पाठीवर सॅक, सगळे त्याला दादा म्हणायचे. रेंजचा माणूस नव्हता, रेंजचा यात काहीही संबंध नाही, म्हणून रेंजचं नावही लिहीत नाही. त्याने माल विकायची गोष्टच काढली नाही. सॅकमधून ती पट्टी काढली आणि विचारलं, "काका, तुमचा डबा किती नंबरचा?"

"साडेचार शून्य," म्हटलं. म्हणजे ४.५०.

पट्टी हातभर नव्हे, वीतभरही नव्हती. पितळेची, सात भोकं, प्रत्येकाखाली कोरलेला आकडा, ४.४७ पासून ४.५३ पर्यंत. कडा घासून बोथट केलेल्या, कोरीव काम सुबक. पेलेट डोकं खाली करून भोकात सोडायचा. डोकं आत जाऊन पेलेट मागच्या घेरावर अडकला, म्हणजे माप त्या भोकाएवढं किंवा कमी. वरच अडला तर मोठा. गो–नो गो. माझी भाषा. मी तिथेच अर्धा विकला गेलो होतो.

माझ्या डब्यातले दहा पेलेट त्याने ४.५०च्या भोकात सोडले. एकही जाईना. ४.५१मध्ये चार गेले. उरलेले सहा ४.५२मध्ये. "बघा काका, डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे. कंपनीवाले सगळी सरमिसळ इकडे पाठवतात. पोरगी काय करणार बिचारी." मग त्याने स्वतःचा डबा काढला. चिकटपट्टी लावलेली, वर छापील लेबल, 'सॉर्टेड ४.४९', म्हणजे मोजून निवडलेले. त्यातला पेलेट ४.४८वर अडला, ४.४९मध्ये अलगद गेला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, दहावा तसाच. एका बाजूला अडतं, लगेच पुढच्यात जातं, म्हणजे माप नेमकं तेच. सत्तावीस वर्षं मी ज्या पुराव्यावर नोकरी केली, तोच पुरावा त्याने मला चहाच्या टपरीवर दिला.

त्याने लगेच विकलं नाही, हेही लिहून ठेवतो. "घाई नाही काका, पट्टी न्या, घरी मोजून बघा, पटलं तर फोन करा." पट्टीचे १,८०० रुपये मात्र घेतले.

घरी मी जेवणाच्या टेबलावर दोनशे पेलेट मोजले. (बायकोने टेबलावरून उठवलं ते बरोबरच केलं. शिसं आहे, ते स्वयंपाकघरात आणू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.) दोनशेही 'नापास'. आठवड्याने फोन केला. दादरला केशवसुत पुलाखाली, फुलवाल्यांच्या गर्दीत, त्याने सॅकमधून सहा डबे काढले. एक डबा २,९०० रुपये. लेकीचा नेहमीचा डबा मला १,६५०ला पडत होता. बिल मागितलं तर हसला. "काका, याला लायसन लागत नाही, बिल कशाला?" ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही हे खरं. पण परवाना नको म्हणून पावतीही नको, हे कुठलं शास्त्र? तेव्हा सुचलं नाही. जीपेने १७,४०० पाठवले. नाव वेगळंच दिसलं, म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे.

पुढचे तीन आठवडे लेक त्या पेलेटवर मारत होती आणि आकडा ६०४ पर्यंत खाली आला. मी तिलाच बोललो. एवढे पैसे घालून आणलेत, लक्ष दे म्हणून. ते आठवलं की अजून घशाशी येतं.

पकडलं तिनेच. एका रविवारी मी तिला पट्टी कशी वापरायची ते शिकवत होतो. तिने जुन्या डब्यातला पेलेट उचलला, ४.५०वर ठेवला, अडला. मग गंमत म्हणून तोच शेजारच्या ४.४९च्या भोकात टाकला. टुपकन आत गेला.

"बाबा, मोठ्या भोकात जात नाही तो छोट्या भोकात कसा जातो?"

मी एक मिनिट काही बोललोच नाही. दुसरा टाकला, गेला. दहाही गेले. ज्याने पट्टी बनवली त्याने नेमकं हेच धरलं होतं. ४.५०मध्ये अडलेला पेलेट त्याहून लहान भोकात कोण घालून बघेल? मोजायची सवय असलेला माणूस तर मुळीच नाही. अडला की तो मोठ्याकडेच जाणार. माझं शिक्षणच त्याच्या उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी साकीनाक्याला गेलो. माझ्या जुन्या सहकाऱ्याची तिथे छोटी टूलरूम आहे. त्याच्याकडे पिन गेजचा, म्हणजे नेमक्या जाडीच्या पिनांचा सेट आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या टप्प्याचा. एकेक पिन घालत गेलो. ४.४८ लिहिलेलं भोक निघालं ४.४४. ४.४९चं ४.५४. ४.५०चं ४.४६. ४.५१चं ४.५०, ४.५२चं ४.५३. चुकून झालेलं काम नव्हे हे. चुकलेलं ड्रिल सगळीकडे सारखंच चुकतं. हे कोणीतरी डोकं लावून, एकेक भोक वेगळं रीम करून, म्हणजे आतून तासून, केलेलं. सहकारी पट्टी उलटसुलट करत म्हणाला, "काम चांगलंय रे. कोणी केलं?" मग माझं तोंड बघून गप्प झाला.

माझ्या खात्यात कुठलंही गेज आलं की पहिला प्रश्न असायचा, कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठंय, कोणी केलं, कधी केलं. नसेल तर ते बाकावर ठेवूनसुद्धा देत नव्हतो. इथे विकणाऱ्याचंच माप घेऊन त्याच्याच मालाला पास केलं.

मग डबे तपासले. भांडुपला आमच्या ओळखीचे सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन येतं. त्यांनी आधी विचारलं, "हे चांदीचं काय?" जुन्या डब्यातले वीस पेलेट ठेवले. ०.५२८ ते ०.५३४ ग्रॅम. डब्यावर ०.५३ लिहिलंय, म्हणजे चोख. दादाच्या डब्यातले वीस ०.४९७ ते ०.५४१. भिंगाखाली पाहिलं तर मागच्या घेराची घडणच दोन तऱ्हेची, दोन वेगळ्या कंपन्यांचा स्वस्त सरावाचा माल एकत्र ओतलेला. काहींवर पांढरट भुकटी, म्हणजे जुनं, दमट हवेतलं शिसं. डबा मात्र अस्सल, चांगल्या जर्मन कंपनीचा. बुडाला बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते खरवडून त्यावर याचं लेबल. डबे आले कुठून? रेंजच्या कचऱ्याच्या टोपलीतून. आपण सगळे रिकामे डबे तिथेच टाकतो ना.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी रागावायच्या ऐवजी रायफल वाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, बांधली आणि दहा दहा शॉट मारले. हीच खरी परीक्षा, आणि कुठलंही शूटिंग शिकवणारं माणूस ती सांगेल. माणूस बाजूला काढायचा, रायफल आणि पेलेट एवढंच ठेवायचं. जुन्या डब्याचे दहाही शॉट साडेपाच मिलिमीटरच्या आत, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. पेलेटच साडेचारचा, म्हणजे जवळजवळ एकच भोक. 'सॉर्टेड'च्या भोकांचा गट साडेआठचा, शिवाय एक शॉट वेगळाच डावीकडे. सर म्हणाले, ४.४९ चांगलं की ४.५० हा प्रश्नच चुकीचा आहे. ते तुमच्या बॅरलवर ठरतं. वेगवेगळ्या बॅचचे थोडे थोडे पेलेट आणून असे बांधून मारायचे, जी बॅच घट्ट गट देईल तिचेच डबे एकदम घेऊन ठेवायचे. पट्टी खरी असती तरी हे काम तिने झालं नसतं. हे त्यांना मी पट्टी घ्यायच्या आधी विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. विचारलं नाही, कारण ते परत श्वासावर येतील याची खात्री होती.

दादाला फोन केला. आवाजात जराही कंप नाही. "काका, पेलेट चांगलेच आहेत, तुमची बॅरल गेलीय. आणा, क्लीन करून देतो, दीड हजारात." पिन गेजचं नाव काढलं तसा फोन कट. मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी शांतपणे ऐकलं, पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली, सातही भोकांतून बघितलं आणि म्हणाले, "काका, मला तर सगळी सारखीच दिसतात." खरंच आहे. मलाही तशीच दिसली होती. जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं कळलं. पावती आहे का? नाही. त्याचं खरं नाव? नाही. खातं कोणाचं? मेव्हण्याचं म्हणे. तक्रार अर्ज लिहून घेतला, सोबत जीपेचे स्क्रीनशॉट आणि सहकाऱ्याच्या टूलरूमच्या लेटरहेडवर मापांचा तक्ता जोडला. १९३०लाही फोन केला, ऑनलाइन पैसे गेले असतील तर तो नंबर आहे, पण तो गेल्या गेल्या करायचा असतो. मी जवळजवळ महिन्याने करत होतो. पैसे आले नाहीत. येतील असं धरून चाललेलोही नाही.

तुमच्याकडे ती पितळी पट्टी असेल तर आज एवढं करा. ४.५०च्या भोकात अडलेला पेलेट ४.४९मध्ये टाकून बघा. गेला, तर तिच्यावर मोजलेलं सगळं विसरा आणि पट्टी टाकून देऊ नका, पुरावा म्हणून ठेवा, ज्याला पैसे दिले त्याच्या खात्याच्या स्क्रीनशॉटसकट. डबा घेताना बुडाचं बॅच स्टिकर नखाने चाचपा. दुकानातून घ्या, बिल घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि रिकामे डबे रेंजवर तसेच टाकू नका.

आमच्याकडे आता डबा संपला की मी त्याच्या झाकणाला आणि बुडाला खिळा ठोकून भोक पाडतो, मगच कचऱ्यात. परवा हातोडी घेऊन बसलो होतो. लेक कॉलेजला निघाली होती, दारातून वाकून म्हणाली, "बाबा, किती मापाचं पाडताय?"