रात्रपाळीसाठी ब्लॅकआउट पडदे : कापड चोख, बसवणूक अर्धवट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माझ्यासारख्याला दिवसा अंधार विकत घ्यावा लागतो, म्हणून नवी पेठेतील एका दुकानातून हे पडदे उन्हाळ्याच्या तोंडावर घेतले. कापडाबद्दल तक्रार नाही. स्वस्त पडद्यांच्या पाठीवरचा लेप धुण्यात चिरतो आणि उन्हाचे ठिपके दिसू लागतात. येथे मात्र दोन थरांच्या मध्ये काळा धागा विणलेला असून मोबाइलची बॅटरी मागे धरली तरी उजेड पलीकडे येत नाही. बसवणाऱ्याने दांडी भिंतीपासून चार बोटे पुढे लावल्याने कडांतून दुपारभर उन्हाची पट्टी आत येत होती. अखेर वेल्क्रो लावून कडा भिंतीला चिकटवाव्या लागल्या. खिडकीत कूलर असेल तर पडदा त्याची हवा अडवतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ही अडचण किरकोळ नव्हे.

‘पडदा ओढा, रात्रीसारखी झोप लागेल’ हे दुकानातले आश्वासन मात्र पुरते खरे नाही. मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारे संप्रेरक मेंदूतील घड्याळाच्या हुकमाने रात्री स्रवते; उजेड ते थांबवू शकतो, पण भर दुपारी केवळ अंधार केल्याने ते स्रवू लागत नाही. रात्रपाळीतील बहुतेकांचे हे घड्याळ दिवसाच्याच वेळापत्रकावर राहते आणि सकाळी घरी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्याला तेथेच धरून ठेवते.

त्यातही माणसामाणसांत फरक असतो. आमच्या खात्यातील एक सहकारी मूळचा निशाचर. हेच पडदे लावून तो दुपार टळेपर्यंत झोपतो. माझे डोळे पहाटे उठण्याच्या सवयीमुळे अकराच्या सुमारासच उघडतात. हॉर्न आणि ऑस्टबर्ग या संशोधकांची १९ प्रश्नांची प्रश्नावली १९७६ पासून लवकर उठण्याचा की उशिरा जागण्याचा हाच कल मोजते. उशिरा जागणाऱ्यांत मेलाटोनिन उशिरा चढते, तर लवकर उठणाऱ्यांत शिस्तप्रियता सरासरीने थोडी अधिक आढळते. मात्र स्वभावाचा हा संबंध माफक आहे, त्यावरून कोणाला कोणती पाळी द्यावी हे ठरवणे मला पटत नाही.

किंमत साध्या पडद्यांहून बरीच जास्त आहे. कडांची फट झाकणाऱ्या बाजूच्या पट्ट्या मागितल्याशिवाय दाखवत नाहीत आणि त्यांचे पैसेही वेगळे लावतात, तेव्हा माप देतानाच त्यांचा भाव ठरवून घ्यावा.