तीन रकान्यांचा वाद: आठ महिने वापरल्यावर

वर्गात वाद घालायला शिकवायची ही पद्धत सरळ आहे. नैतिक पेचाचा एक प्रसंग, दोन काल्पनिक पात्रं, एकाने दुसऱ्याला वळवायचं. वहीचं पान आडवं धरून तीन रकाने आखायचे: बोलणाऱ्याची पत, भावना, युक्तिवाद. ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात केलेलीच ही विभागणी. खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या नववीत ती 40 मिनिटांच्या तासात बसते: 5 मिनिटं प्रसंग, 15 लिहिणं, 12 बोलणं, उरलेली 8 बाजू बदलून पुन्हा बोलणं. घाई झाली की हा शेवटचा भागच आधी गळतो, आणि कामाचा तोच आहे.

प्रसंग ओळखीचा हवा. राजा, न्याय, त्याग असलं काही दिलं की पोरं पाठ केलेलं भाषण ओततात. दूध संकलन केंद्र मात्र चांगलं चालतं. अक्का साडेचार लिटर दुधात अर्धा लिटर पाणी घालते. नवरा अंथरुणाला खिळलाय. दूध घेणाऱ्या पोराला लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी ओळखायचं मापक, खाली गेलेला दिसतो. खरा आकडा लिहावा का? अक्काला लबाड रंगवलं तर वाद दोन मिनिटांत आटोपतो, म्हणून तिच्या बाजूलाही वजन द्यावं लागतं.

ते वजन हिशोबाचं असू शकतं. “चाळीस लिटरच्या कॅनात अर्धा लिटर. कुणाला कळतंय रे?” म्हणजे सव्वा टक्का, आणि आकडा खरा आहे. पोराचं उत्तर: “दहा घरांनी असंच म्हटलं तर पाच लिटर होतंय की अक्का.” म्हणजे कॅनचा आठवा हिस्सा पाणी. असा युक्तिवाद टिकतो. “संशोधन सांगतं की 80 टक्के लोक...” हा टिकत नाही, केंद्रावर असं कोण बोलतं? पात्राला स्वतः मोजता येईल तेवढाच आकडा, हा नियम पहिल्या आठवड्यापासून लावावा.

सगळ्यात कच्चा रकाना ‘पत’ हा, म्हणजे बोलणाऱ्यावरच्या विश्वासाचा. “मी मोठी आहे, ऐक” एवढ्यावर तो संपतो. ॲरिस्टॉटलच्या मते ही पत आधीच्या नावलौकिकावर नाही, त्या बोलण्यातूनच उभी राहायला हवी, आणि तिला तीन गोष्टी लागतात: समज, सचोटी, ऐकणाऱ्याच्या भल्याची कळकळ. रकान्याचे असे तीन कप्पे केले की तिसरा रिकामा राहतो हे लगेच दिसतं. “मी कुणाचाच आकडा खाली-वर केलेला नाही” ही सचोटी झाली. “औषधाला उचल मिळते का, मी सेक्रेटरींना विचारतो” हे आल्यावर अक्का ऐकायला लागते.

भावनेचा रकाना नेहमीच भरून वाहतो. रडणं, पाया पडणं, शपथा. इथे करुणेची व्याख्या उपयोगी पडते: लायकी नसताना वाट्याला आलेलं दुःख. नवऱ्याच्या आजारपणाला ती लागू पडते, किटलीतल्या पाण्याला नाही. ही फट पोराचं पात्र खेळणाऱ्याला सापडली की वाद खरा रंगतो. सापडली नाही तर तोही रडू लागतो.

भाषेची एक अडचण इथलीच. लिहायला बसलं की पोरांची अक्का “आपण असे करणे उचित नव्हे” म्हणते. आधी तोंडी बोलून घ्यावं, मग लिहावं. तिसरं पात्र कानडी बोलणारा सुपरवायझर ठेवला तर आणखी बरं. पोराला तोच मुद्दा दुसऱ्या भाषेत, दोन वाक्यांत मांडावा लागतो आणि बोलीच्या जवळिकीवर उभी असलेली त्याची पत तिथे चालत नाही.

पद्धतीचा मूळ दोष रकान्यांतच आहे. “तुझ्याच शेजारणीचा भाव पडतोय” हे वाक्य युक्तिवाद की भावना? पोरं यावर दहा मिनिटं भांडतात. त्यापेक्षा वाक्यं सलग लिहून नंतर तीन रंगांच्या पेनांनी खुणा कराव्यात. एका वाक्याला दोन रंग चालतात. भरलेल्या रकान्यांना गुण देऊ नयेत, नाहीतर भरताड वाढते. समोरच्याला उत्तर द्यावंच लागलं अशी वाक्यं किती, एवढंच मोजावं. एका वेळी सहा जोड्यांपेक्षा जास्त बोलू लागल्या तर काही ऐकू येत नाही. बाकीच्यांना खुणा करायला बसवावं. बाजारातली प्रसंगांची छापील कार्डं घ्यायची गरज नाही, त्यांतले प्रसंग बहुतेक शहरी असतात.